वाढदिवस : तिथीचा आणि तारखेचा

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत राहणाऱ्या माणसाच्या कानावर एकच गोष्ट चार भाषांतून पडत असते. लहान मुलाच्या वाढदिवसाचेच बघा. मराठी घरात तो 'वाढदिवस'. शेजारच्या कानडी घरात 'हुट्टुहब्ब', म्हणजे जन्माचा सण. पूर्व भागातल्या तेलुगू विणकरांच्या घरी 'पुट्टिनरोजु', म्हणजे जन्मलेला दिवस. यातले हुट्टु आणि पुट्टि हे एकाच मुळाचे शब्द. जुन्या कानडीत अनेक शब्दांच्या आरंभी 'प' होता, त्याचा पुढे 'ह' झाला, एवढाच फरक. आणि दखनी बोलणाऱ्या घरात 'सालगिरह'. गिरह म्हणजे गाठ. मुघलांच्या जनानखान्यात राजपुत्राच्या नावाने एक दोरा जपून ठेवीत आणि दर वाढदिवसाला त्यात एक गाठ मारीत. जितक्या गाठी तितकी वर्षे. हिंदीतली 'बरसगाँठ' तीच. सूत आणि गाठ यांवर जगलेल्या आमच्या गावाला हा शब्द अगदी शोभतो.

मराठीने मात्र जन्म घेतला नाही, वर्षही घेतले नाही. 'वाढ' हा शब्द घेतला. संस्कृतात या विधीचे नाव वर्धापन. त्याचा अर्थही वाढवणे असाच. आज आपण वर्धापनदिन बँकांचे आणि पतसंस्थांचे साजरे करतो, माणसांचे करीत नाही. मराठीत 'वाढणे' हे क्रियापद मोठे मजेदार आहे. नारळ फुटत नाही, तो वाढवतात. बांगडी फुटली असे घरातली बाई म्हणत नाही, बांगडी वाढवली म्हणते. जिथे तुटण्याचा, संपण्याचा उच्चार नको असतो तिथे आपण 'वाढ' म्हणतो. मग मुलाच्या आयुष्यातले एक वर्ष संपले त्या दिवसाला आपण वाढदिवस का म्हणतो, याचा थोडा उलगडा होतो. ही माझी स्वतःची समजूत. व्याकरणकारांनी तिला मान्यता द्यावी असा माझा आग्रह नाही.

मी हायस्कुलात इतिहास शिकवला. दरवर्षी कोणीतरी पालक किंवा सहकारी मला ठासून सांगे, "बाई, वाढदिवस हे इंग्रजांचे खूळ. आपल्यात कुठे होते?" केक, मेणबत्ती, टोप्या या दिसणाऱ्या गोष्टींपुरते ते खरे आहे. पण वाढदिवसाचा विधी आपल्याकडे होता, आणि त्याचा एक महत्त्वाचा पुरावा आमच्याच जिल्ह्यातला आहे. पंढरपूरला राहणारे काशीनाथ उपाध्याय, ज्यांना लोक बाबा पाध्ये म्हणत, त्यांनी शके १७१२ मध्ये, म्हणजे १७९०-९१ च्या सुमारास 'धर्मसिंधु' हा ग्रंथ पुरा केला. पेशवाईच्या अखेरच्या पर्वातला हा ग्रंथ. महाराष्ट्रातले भिक्षुक आजही अडल्या वेळी तोच उघडतात. त्यात मुलाच्या वर्धापनाचा विधी दिला आहे. अंगाला तीळ लावून तिळाच्या पाण्याने स्नान घालायचे, नवे वस्त्र नेसवायचे, तांदळाच्या लहान लहान राशी मांडून त्यांवर देवतांना बोलवायचे. अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, विभीषण, कृप आणि परशुराम हे सात चिरंजीव आणि त्यांच्या जोडीला मार्कंडेय. षष्ठीदेवीला दहीभाताचा नैवेद्य. शेवटी तीळ-गूळ घातलेले अर्धी ओंजळ दूध मुलाला पाजायचे. त्या दिवशी नखे-केस कापायचे नाहीत, प्रवास करायचा नाही, भांडण करायचे नाही. भांडण करायचे नाही हा नियम मला फार आवडतो. घरात वीस-पंचवीस पाहुणे जमले की त्याची गरज आजही तेवढीच असते.

या देवतांत मार्कंडेयाचा मान मोठा, आणि इथे सोलापूरकराचे कान टवकारले पाहिजेत. मार्कंडेयाला सोळाच वर्षांचे आयुष्य होते. यम न्यायला आला तेव्हा त्याने शिवलिंगाला मिठी मारली आणि तो वाचला. ज्याच्या सोळाव्या वाढदिवसाशी मृत्यू येऊन उभा होता असा हा मुलगा. वाढदिवसाला त्याचीच आठवण करावी हे किती सरळ आहे! आमचे पद्मशाली विणकर याच मार्कंडेय ऋषीला आपला मूळ पुरुष मानतात. तेलंगणातून येताना मागासोबत ते त्यालाही घेऊन आले. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो, तेव्हा अख्खा पूर्व भाग रस्त्यावर उतरतो. मुलाला खांद्यावर बसवून रथ दाखवणारे बाप मी लहानपणापासून बघते आहे. पोथीतला मार्कंडेय आणि रथातला मार्कंडेय एकच आहेत, हे मात्र मला पुष्कळ उशिरा, 'धर्मसिंधु' वाचताना ध्यानात आले.

मग प्रश्न असा की विधी होता, पण तो कोणाचा होत असे? त्यासाठी जन्माची तिथी लिहून ठेवलेली हवी, ती लिहिणारा हवा, पंचांग हवे, दक्षिणेला पैसा हवा. राजवाड्यात हे सगळे होते. अकबर वर्षातून दोनदा आपली तुला करून घेई, एकदा सौर वाढदिवसाला आणि एकदा चांद्र वाढदिवसाला. तिथीचा आणि तारखेचा असे दोन वाढदिवस करण्याची आपली हौस बादशहाइतकी जुनी आहे म्हणायची. राजपुत्रांची तुला दोन वर्षांचे झाल्यापासून सुरू होई. सर टॉमस रो हा इंग्रज वकील १६१७ मध्ये मांडूला होता, तेव्हा त्याने जहांगीर बादशहा सोन्या-रत्नांनी तोलला जाताना पाहिला आणि चकित होऊन लिहून ठेवले. पण शुक्रवार पेठेतल्या माळवदाच्या घरात, जिथे माय पाच-सहा पोरांची, तिथे कोणाची तुला आणि कोणाचे वर्धापन? ज्या घरात पत्रिका मांडत, तिथे निदान थोरल्या मुलाचा वाढदिवस औक्षण करून होई. इतर मुलांना, विशेषतः मुलींना, त्या दिवशी शेवयाची खीर वाट्याला येई.

म्हणून घरातल्या बायकांनी वेगळी तोड काढली होती, आणि तिला तारीख लागत नव्हती. श्रावणातले शुक्रवार. आषाढाच्या अवसेला दिवे पुजून झाले की देवघराच्या भिंतीवर जिवतीचा कागद लागे. वर नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, मध्ये जरा आणि जिवंतिका यांच्या मांडीखांद्यावर लेकरे, खाली हत्तीवर आणि वाघावर बसलेले बुध-बृहस्पती. त्याला आघाड्याची आणि दूर्वांची माळ, कापसाचे वस्त्र. पुरणाचा नैवेद्य, सवाष्णीला दूध-फुटाणे. आणि मग घरातली सगळी मुले पाटावर ओळीने बसवून आई त्यांना ओवाळी. थोरले-धाकटे, मुलगा-मुलगी, सगळी एकदम. जे लेकरू परगावी असेल त्याच्या नावाने ती चारी दिशांना अक्षता टाकी. यातली जरा म्हणजे महाभारतातली जरा राक्षसी, जिने दोन तुकड्यांत जन्मलेले मूल जोडले आणि ज्याचे नाव मग जरासंध पडले. मुले खाणारीलाच मुलांची राखण सांगायची, ही आपल्या बायकांची रीत धोरणी होती. मी तर म्हणेन, मराठी घरातला खरा बालदिन हाच. पेठेचे नाव शुक्रवार पडण्याचा आणि याचा काही संबंध नाही, वारांवरून पेठा सगळीकडेच आहेत. पण श्रावणात आमच्या पेठेत राहताना तो संबंध जोडावासा वाटतो खरा.

जिवतीच्या आधी सटवाई. पाचवीच्या रात्री पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, सटवाई येऊन मुलाचे नशीब लिहून जाते म्हणून. पहिल्या संक्रांतीला बोरन्हाण. काळे झबले, हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे, आणि ते वेचायला गल्लीतली झाडून सगळी पोरे. सोलापुरात त्याच दिवसांत सिद्धेश्वराची यात्रा भरलेली असते. त्यामुळे आमच्याकडे बोरन्हाणाचे पाहुणे एका कानाने नंदीध्वजांची वेळ विचारीतच येतात आणि संध्याकाळी पोराला घेऊन गड्ड्यावर जातात.

या सगळ्या सोहळ्यांच्या तळाशी एक भीती होती. ती आज आपल्याला आठवत नाही, हे आपले भाग्य. बालमृत्यूदर म्हणजे काय, तर जन्मलेल्या हजार मुलांपैकी किती मुले पहिल्या वाढदिवसापूर्वी जातात तो आकडा. व्याख्येतच वाढदिवस आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या देशात हा आकडा दोनशेच्या आसपास होता. पाच पाळण्यांतला एक वर्षाच्या आत रिकामा. २०२० साली महाराष्ट्रात तो सोळावर आला. मधल्या काळात काय काय घडले ते सांगायला वेगळे भाषण लागेल. देवीची लस एवढ्यापुरते सांगते. ती हिंदुस्थानात पहिल्यांदा मुंबईत, १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली, आणि देश देवीमुक्त झाल्याचे जाहीर व्हायला १९७७ साल उजाडले. पावणेदोनशे वर्षे. मला स्वतःला देवी टोचलेल्या आहेत, दंडावरची ती दोन वर्तुळे माझ्या पिढीच्या सगळ्यांना आहेत.

एवढी मुले जात असताना पहिला वाढदिवस गाजवायला लोक बिचकत. दृष्ट लागेल. मुलाचे वय विचारले तर नेमके सांगत नसत. पाठची-पोटची गेलेल्या आईने पुढच्या मुलाला धोंडू, दगडू, केरू, भिकू म्हणायचे, म्हणजे यमाला वाटावे की हे टाकून दिलेलेच आहे. ही नावे मायेने ठेवलेली होती. 'नकुशी' हे नाव मात्र तसे नव्हे. मुलींवर मुली झाल्या की शेवटचीला ते नाव चिकटे. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा अडीचशेहून अधिक मुलींची नावे समारंभ करून बदलण्यात आली. त्या मुलींचे वाढदिवस घरी कसे होत असतील, याची कल्पना करायला फार बुद्धी लागत नाही. आणि हे जुन्या काळातले नाही. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या, २०११ मध्ये ८९४. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशातला पहिला कायदा आपल्याच राज्याने १९८८ साली केला, तरीही.

आता तारखेकडे वळते. सामान्य घरात वय मोजायचे ते गावावर आलेल्या प्रसंगांनी. सोलापुरात ही एक वेगळीच कालगणना होती. 'प्लेगात झाला', '१९१८ च्या तापाच्या साथीत झाली', 'मार्शल लॉ लागला त्या साली', 'रझाकारात', म्हणजे १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबादवरची फौज सोलापुरातून पुढे सरकली तेव्हा, 'दुष्काळात', म्हणजे १९७२, आणि अलीकडचे म्हणजे 'भूकंपात', १९९३. वेळ सांगायची तर गिरणीच्या भोंग्यावर. १८७७ ला जुनी गिरणी सुरू झाली आणि पुढे विष्णू, लक्ष्मी, नरसिंग गिरजी अशा गिरण्या उभ्या राहिल्या. गावाला घड्याळ मिळाले ते त्यांचे. आमच्या शेजारच्या आजी सांगत, "पोरगी दुसऱ्या भोंग्याला झाली." जोशीबुवा त्यावरून पत्रिका मांडत. ती पत्रिका किती अचूक असेल ते सोडा, पण लग्ने जुळली आणि टिकलीही.

मग आली शाळा. शाळेत नाव घालायला बाप पोराला घेऊन येई. गुरुजी विचारत, जन्मतारीख? बाप सांगे, आखाडात झाला, बेंदूर होता बघा. गुरुजी पोराकडे एक नजर टाकत, कधी उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला लावत, आणि रजिस्टरात १ जून लिहून मोकळे होत. शाळा जूनमध्ये सुरू होते, १ जूनला सहा पूर्ण असले की प्रवेशाला अडचण नाही. महाराष्ट्रात एका मोठ्या पिढीचा वाढदिवस अशा रीतीने एकाच दिवशी आला. मी नोकरीला लागले त्या शाळेत शिक्षकांची यादी पाहिली, तर निम्म्याच्या जवळपास माणसे १ जूनची. ३१ मे रोजी निरोपसमारंभांची रांग लागे, नारळ आणि शाली मोजून आणाव्या लागत. हसायला येते, पण त्या एका शेऱ्याने कित्येकांना आयुष्यात पहिल्यांदा एक वाढदिवस मिळाला. खोटा असेल, पण स्वतःचा. जी मुलगी शाळेतच गेली नाही तिला तोही नाही.

माझी आत्या त्यांतली. १९९५ साली एका सरकारी योजनेसाठी तिला पासष्ट वर्षे पूर्ण झाल्याचा पुरावा हवा होता. शाळेचा दाखला नाही, जन्माचा दाखला नाही, रेशनकार्डावर वय अंदाजे. एका कचेरीतून दुसरीत आणि दुसरीतून पहिलीत असे आमचे तीन महिने गेले. शेवटी डॉक्टरांच्या वयाच्या दाखल्यावर काम भागले. पण मला इतिहासाचा नाद. मी आत्याला विचारीत बसले, आजी तुला काय सांगायची? आत्या म्हणाली, "गावात सोजीर आले होते. सुईणीला दिवस मावळल्यावर आणायचे कसे, म्हणून आईने दुपारपासूनच बसवून ठेवली होती. पुनव झाली होती. चौथ यायची होती, कारण चौथीचा उपास तिने बाळंतपणात मोडला ते तिला लागून राहिले होते." एवढे पुष्कळ झाले. सोलापुरात मार्शल लॉ लागला १२ मे १९३० रोजी आणि उठला ३० जूनला. १९३० ची वैशाखी पौर्णिमा १२ मेच्या लगतच येते. पौर्णिमा झालेली, संकष्टी यायची आणि गावात लष्कर आणि संचारबंदी. म्हणजे तेरा ते सोळा मे या तीन-चार दिवसांतला एक. ज्या दिवसांत मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांच्याभोवती फास आवळला जात होता, आणि गांधी टोपी घालून रस्त्यावर येणे हा गुन्हा होता, त्याच दिवसांत आमच्या घरात ही मुलगी जन्मली. मी आत्याला म्हटले, यातला एक दिवस तू निवड. तिने चौदा मे निवडला. का, तर चौदा भुवने, चौदा विद्या, चौदा रत्ने. त्यापुढे ती होती तोवर आम्ही दर १४ मे ला तिला ओवाळत होतो. पहिल्या वर्षी ती पाटावर बसेना. "आधी पोरांना ओवाळा, माझं काय," असे तिचे चालले होते. बसली, आणि निरांजन समोर आले तेव्हा डोळे मिटून घेतले.

औक्ष म्हणजे आयुष्य. औक्षवंत हो असा आशीर्वाद असतो, त्यातले औक्ष. ताम्हनात निरांजन, सुपारी, सोन्याची अंगठी, हळदकुंकू, अक्षता. सुपारी आणि अंगठी मुलाभोवती फिरवायची. सोने नसेल तर घरातल्या कोणाच्या तरी बोटातली अंगठी काढून घ्यायची. आमच्या गल्लीत एकच अंगठी तीन घरांतल्या औक्षणांना गेलेली मला माहीत आहे.

जन्ममृत्यूची नोंद १९६९ च्या कायद्याने सक्तीची झाली. एकवीस दिवसांच्या आत नोंदवायचे. २०२३ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पुढे सगळीकडे हाच दाखला लागणार आहे. थोडक्यात, गुरुजींची लेखणी आता निवृत्त झाली. १ जूनची मंडळी हळूहळू संपत जातील, आणि शंभर वर्षांनी एखादा संशोधक महाराष्ट्रातल्या जुन्या याद्या चाळताना डोके खाजवील की त्या काळी जून महिन्याच्या पहिल्या तारखेला असे काय होत असे.

तारीख आली तरी तिथी गेली नाही. ती जाऊ न देण्यात सोलापूरचा हात मोठा आहे. दाते पंचांग आमच्या गावचे. शंभर वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्रातल्या घरांची एकादशी, संकष्टी आणि मुहूर्त सोलापुरात ठरतात, ही गोष्ट पुण्या-मुंबईकर सोयीस्करपणे विसरतात. १९७३ मध्ये जयंतराव साळगावकरांचे 'कालनिर्णय' आले आणि तारीख, तिथी, दुधाचा हिशेब सगळे एका भिंतीवर एका खिळ्याला टांगले गेले. शिवाजी महाराजांच्या जन्माचा वाद तुम्हाला ठाऊकच आहे. आधी वैशाख शुद्ध द्वितीया, १६२७ मानत. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली प्रसिद्ध केली आणि फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ पुढे आली. एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख नक्की केली, तरी तिथीची जयंती करणारे ती करतातच. सबंध महाराष्ट्र ज्या पेचात आहे, त्या पेचात एका लेकराचे आजी-आजोबा सापडले तर नवल ते काय? तारखांचेही आपले लहरीपण असते. मोरारजी देसाई २९ फेब्रुवारीचे, त्यांना चार वर्षांनी एकदा खरा वाढदिवस.

सोलापुरात जाहीरपणे साजरा होणारा एक जन्मदिवस म्हणजे डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा, १० ऑक्टोबर १९१०. चीनमधून पाहुणे येतात, पुतळ्याला हार पडतात. पण मला दरवेळी त्यांच्या मुलाची आठवण होते. १९४२ च्या ऑगस्टात तो चीनमध्ये जन्मला. नाव ठेवले यिन्हुआ. यिन म्हणजे हिंदुस्थान, हुआ म्हणजे चीन. ९ डिसेंबरला कोटणीस गेले, तेव्हा मूल साडेतीन महिन्यांचे होते. पहिला वाढदिवस बापाने पाहिला नाही. यिन्हुआही डॉक्टर होता होता १९६७ मध्ये, पंचविशीच्या आत गेला. सोलापुरातल्या त्यांच्या घराचे आता स्मारक झाले आहे. तिथे मुलांच्या सहली येतात, त्यांना मी हे सांगत असे, आणि वर्गात कधी नसे एवढी शांतता पसरे.

केकबद्दल थोडेसे सांगून थांबते. मेणबत्त्या लावलेला मुलांचा केक जर्मनीतून अठराव्या शतकात निघाला. सगळीकडे गातात ते गाणे अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या हिल आडनावाच्या दोन बहिणींच्या १८९३ च्या बालवाडीच्या चालीवर आहे, आणि त्यावरचा मालकीहक्क कोर्टाने रद्द केला तो थेट २०१५ मध्ये. आमच्या घरात केक आला तो १९७० च्या पुढे. पातेल्यात वाळू तापवून त्यात रव्याचा केक भाजायचा, वर टुटीफ्रुटी. त्याआधी नानकटाईचा डबा बेकरीच्या भट्टीवर नेऊन भाजून आणण्यात आम्हाला वाढदिवस वाटे. केकला नाके मुरडणाऱ्यांना मी एकच सांगते. दुकानातल्या केकवर मुलाचे नाव लिहून मिळते, आणि मुलीचेही. औक्षणाच्या पाटावर ज्या मुलींना कोणी एकटीला बसवले नव्हते, त्यांची नावे क्रीमने का होईना, गल्लीने वाचली. फुंकर मारून ज्योत विझवायची हे मात्र मलाही रुचत नाही. आपण दिवा मालवतो, तोही निरोप दिल्यासारखा. त्यावर घरोघरी आपापले तोडगे निघाले आहेत. कुणी मेणबत्ती लावतच नाही, कुणी शेजारी समई तेवत ठेवतात.

आमची नात २ ऑगस्ट २०२३ ची. ते वर्ष अधिक श्रावणाचे; तिची तिथी अधिक श्रावण वद्य प्रतिपदा. अधिक महिन्यात जन्मलेल्याचा वाढदिवस पुढच्या वर्षी त्याच नावाच्या नेहमीच्या महिन्यात धरतात. त्यामुळे २०२४ साली तारीख आली २ ऑगस्टला आणि तिथी आली २० ऑगस्टला, अठरा दिवसांनी. सुनेने तारखेला गल्लीतली पोरे बोलावून केक कापला. तिथीला मी 'धर्मसिंधु'तले वर्धापन करायचे ठरवले. मुलीचे? असे एका वृद्ध नातलगांनी विचारले. मी म्हटले, मार्कंडेयाला विचारून या, काल रात्रीच त्यांचा रथ गेला आहे.

पाटावर तांदळाच्या आठ राशी मांडल्या. दहीभाताचा नैवेद्य दाखवला. तीळ-गूळ घातलेले दूध वाटीने पाजू लागलो तर तिने वाटी ढकलली, अर्धे माझ्या लुगड्यावर आणि अर्धे बळीराजाच्या राशीवर सांडले. मग पुढे सरकून तिने दोन्ही मुठींत तांदूळ भरून घेतले आणि समोर बसलेल्या त्या वृद्ध नातलगांच्या अंगावर उधळले. त्यांनी ते पांढऱ्या सदऱ्यावरून झटकले नाहीत. जेवण होईपर्यंत तसेच राहू दिले.